सूचना : फलकासाठी नावे रविवारपर्यंत

सभासदहो, मुंबई विद्यापीठाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या फलकासाठी नावे रविवारी रात्रीपर्यंत पाठवावीत. १८६२ च्या पहिल्या बी.ए. तुकडीतले चौघे, म्हणजे रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक, घेतले आहेत. ते पुन्हा नकोत.

‘टिळक तर पुण्याचे’ असा आक्षेप आला आहे. पुणे विद्यापीठ १९४९ चे. त्याआधी डेक्कन, फर्ग्युसनची मुले पदवी मुंबईचीच घेत. त्यामुळे टिळक राहतील, डेक्कनच्याच कॉर्नेलिया सोराबजीही. त्या तर विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. बाबासाहेब एल्फिन्स्टनचे, तिथे वादच नाही.

नावासोबत महाविद्यालय आणि पदवीचे वर्ष हवेच. फॉरवर्ड आलेल्या याद्या कृपया जशाच्या तशा ढकलू नयेत.

– फलक समिती