रोड वॉरियर्स आणि ‘नुरा कुस्ती’ हा शब्द

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या रविवारी व्यावसायिक कुस्तीतील गाजलेल्या जोड्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले. त्यात ‘रोड वॉरियर्स’ या अमेरिकन जोडीची बोळवण ‘तोंडाला रंग फासून नुरा कुस्ती खेळणारे दोघे’ अशा एका ओळीत करण्यात आली आहे. मी सेलूच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली, तरुणपणी लाल मातीत घाम गाळला, आणि या जोडीमुळे माझ्या नोकरीच्या काळात असा एक प्रसंग घडला, की त्यानंतर ‘खोटी कुस्ती’ हा शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघाला नाही. त्या एका ओळीबद्दल म्हणूनच हे पत्र.

आपल्या भागात ‘नुरा’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि ते योग्यच आहे. जत्रेच्या फडाभोवती माणसे उन्हात तासन्‌तास बसलेली असतात, रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्या संपून मोठ्या इनामाची कुस्ती लागलेली असते, हलगी घुमत असते, आणि अशा वेळी दोन पैलवान आतून संगनमत करून नुसती खडाखडी करत राहतात किंवा एक जण ठरवून पाठ टेकवतो, तेव्हा ती प्रेक्षकांची फसवणूक असते. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. अशा मल्लाचे नाव सांगणाऱ्या मुलखात नुरा खेळणाऱ्याला मान मिळू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु नुरा कुस्तीत गुन्हा असतो तो खरेपणाचे आश्वासन देऊन ते मोडण्याचा. अमेरिकन व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो आणि ते मनोरंजन आहे, हे त्या धंद्यातील सर्वांत मोठ्या ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या कंपनीने सरकारी नियंत्रणातून सुटका व्हावी म्हणून १९८९ सालीच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे मान्य केले होते. त्या खेळाला नाटकाची मोजपट्टी लावायची की कसरतीची, यावर वाद होऊ शकतो. नुऱ्याची मोजपट्टी मात्र तिथे लागत नाही.

आता त्या दोघांविषयी. हॉक म्हणजे मायकेल हेगस्ट्रँड आणि अ‍ॅनिमल म्हणजे जोसेफ लॉरिनाइटिस. दोघेही मिनियापोलिसच्या एका बारमध्ये दारावर उभे राहून दंगेखोरांना बाहेर काढण्याचे काम करत. तिथल्याच एडी शार्की या वस्तादाच्या हाताखाली त्यांनी पहिले धडे घेतले आणि १९८३ मध्ये जॉर्जियात पॉल एलरिंग या मॅनेजरच्या साथीने त्यांची जोडी उभी राहिली. खांद्यांवर लोखंडी खिळ्यांची कवचे, चेहऱ्यावर रंग, एकाच्या डोक्यावर मधोमध केसांचा तुरा, तर दुसऱ्याचा नेमका तेवढाच भाग भादरलेला, हे त्यांचे रूप पुढे अनेकांनी उचलले. १९८४ साली त्यांनी ‘एडब्ल्यूए’ या अमेरिकन कुस्ती संघटनेचा जोडीच्या विजेतेपदाचा पट्टा जिंकला, १९८७ मध्ये जपानमध्ये जंबो त्सुरुता आणि गेनिचिरो तेन्र्यू या तिथल्या अव्वल जोडीला हरवले, १९८८ मध्ये ‘एनडब्ल्यूए’चा आणि २६ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’चा पट्टा मिळवला. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या संघटनांचे जोडीचे पट्टे मिळवणारी ही पहिली जोडी होय. पट्टे कोणाला द्यायचे हे कचेरीत ठरते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण कचेरी पट्टा त्यालाच देते ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात, आणि लोकांनी कोणासाठी तिकीट काढावे हे कोणत्याही कचेरीला ठरवता येत नाही.

टिपणकारांनी पाहायला हवी होती अशी त्यांची एक लढत मुद्दाम सांगतो. २७ नोव्हेंबर १९८६ रोजी अटलांटा येथे त्यांची ‘मिडनाइट एक्सप्रेस’ या जोडीशी रिंगच्या वर उंच बांधलेल्या मचाणावर लढत झाली. जो खाली पडेल तो हरला, असा नियम. हॉकचा पाय त्या वेळी मोडलेला होता, तरीही तो वर चढला. जिंकायचे कोणी हे ठरलेले होते आणि तसेच झाले. मात्र शेवटी प्रतिस्पर्धी जोडीचा मॅनेजर जिम कॉर्नेट मचाणाला लोंबकळून खाली पडला, तेव्हा ज्याने त्याला झेलायचे होते त्याला तो झेलता आला नाही आणि कॉर्नेटच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. निकाल लिहून ठेवता येतो, गुडघा लिहून ठेवता येत नाही.

या जोडीचा गाजलेला डाव म्हणजे ‘डूम्सडे डिव्हाइस’. अ‍ॅनिमल मागून येऊन प्रतिस्पर्ध्याच्या पायांत मान घालतो आणि त्याला खांद्यांवर बसवून ताठ उभा राहतो. त्याच वेळी हॉक कोपऱ्यातल्या खांबापाशी सर्वांत वरच्या दोरावर चढून उडी घेतो आणि आडव्या हाताचा तडाखा त्याच्या छातीवर देतो, की तो माणूस उलटा होऊन मागे कोसळतो. क्रीडाशिक्षक म्हणून मी हा डाव पुन्हा पुन्हा पाहिला आहे. खांद्यावर घेणाऱ्याने पकड क्षणभर आधी सोडली तर वरचा माणूस तोल जाऊन मानेवर येईल, उशिरा सोडली तर पाय अडकून डोक्यावर येईल. उडी घेणाऱ्याचा हात चार बोटे वर लागला तर गळा सापडेल. आणि पडणाऱ्याने हवेतच अंग फिरवून सगळा भार पसरून घेतला नाही तर खांदा किंवा मान जाईल. तिघांच्या वेळेचा मेळ असा असावा लागतो की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याला कळावे. याला मी फसवणूक म्हणू शकत नाही.

आता तो प्रसंग. १९९३ साली सेलूत केबल नवीन होती आणि ज्यांच्या घरी ती होती त्यांच्या ओसरीवर गल्लीतली सगळी पोरे ही कुस्ती पाहायला जमत. पैलवानांची चित्रे असलेले पत्ते दप्तरातून निघत, म्हणून मी एकदा आठवीच्या वर्गात सगळे पत्ते काढून घेतले आणि ठणकावून सांगितले की, “हे सगळे खोटे असते, कोणाला काही लागत नाही.” त्यानंतर दहा-बारा दिवसांनी शाळेच्या भिंतीमागे, कडब्याची गंजी होती तिथे, त्याच वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याला खांद्यावर घेतले आणि तिसऱ्याने भिंतीवरून उडी मारली. खांद्यावरचा मुलगा कडब्यावर न पडता कडेच्या दगडावर पडला. मी धावत गेलो तेव्हा तो रडतही नव्हता. उजव्या हाताने डावा हात पोटाशी धरून बसला होता आणि खांद्याजवळचे हसळीचे हाड कातडीखाली उंच आले होते. मी त्याला स्कूटरवर पुढे बसवले आणि ज्याने उडी मारली होती तो मागे बसला. दवाखान्याच्या वाटेवर तो मागचा मुलगा म्हणाला, “सर, तुम्हीच म्हणला होता ना, ते समदं खोटं असतंय म्हणून. मग ह्याचं हाड कसं मोडलं?” मला उत्तर देता आले नाही. त्या मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मी त्यांना अर्धेच सांगितले होते.

या जोडीची उतरती बाजूही आपल्या टिपणात आलेली नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावरील लढतीनंतर हॉक ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ सोडून गेला आणि जपानमध्ये केन्सुके सासाकी या मल्लाबरोबर खेळू लागला. इकडे अ‍ॅनिमल पाठीच्या दुखापतीने अनेक वर्षे बाहेर राहिला. औत ओढणारी जोड फुटली की राहिलेला बैल दुसऱ्याच्या जोडीला लवकर रुळत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. १९९६ मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले, १९९७ मध्ये त्यांनी ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’चा पट्टा पुन्हा जिंकला, पण हॉकचे व्यसन तोवर बळावले होते. १९९८ साली कंपनीने त्याच्या त्या खऱ्याखुऱ्या व्यसनाचीच गोष्ट करून ती पडद्यावर आणली, आणि नशेत तो कार्यक्रमस्थळीच्या प्रचंड व्हिडिओ पडद्याच्या सांगाड्यावर चढून खाली कोसळतो, असे दाखवले. आजारी माणसाच्या आजारावर तिकिटे विकण्याचा हा प्रकार मला अत्यंत अमानुष वाटतो. त्या संपूर्ण धंद्यात ज्याला खोटे आणि हीन म्हणावे असे काही असेल तर ते हे आहे. आणि त्यात दोष कुस्ती खेळणाऱ्यांचा नव्हता.

१९ ऑक्टोबर २००३ रोजी हॉक वारला, तेव्हा तो अवघा ४६ वर्षांचा होता. २००५ मध्ये अ‍ॅनिमलने दुसऱ्या साथीदाराबरोबर जोडीचा पट्टा जिंकला आणि तो हॉकच्या स्मृतीस अर्पण केला. २०११ मध्ये त्याच कंपनीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे गौरवलेल्या मल्लांच्या यादीत, या जोडीचा आणि एलरिंगचा समावेश झाला, तेव्हा तो मान घ्यायला हॉक नव्हता. २२ सप्टेंबर २०२० रोजी वयाच्या ६० व्या वर्षी अ‍ॅनिमलही गेला.

हाड मोडलेला माझा तो विद्यार्थी आज शेती करतो. त्याचा मुलगा यंदा आठवीत आहे आणि हाच डाव आता मोबाईलवर पाहतो. आपले टिपण वाचून त्याने बापाला विचारले की, नुरा म्हणजे लागत नाही असेच ना. आणि बापाने त्याला माझ्याकडे पाठवले. या वेळी मी त्याला अंगणात बसवून तो डाव संथ गतीने तीन वेळा दाखवला, कोणाचा हात कुठे आहे आणि पडणारा आपली मान कशी वाचवतो हे समजावले, आणि त्याच्या बापाची हसळी कशी मोडली तेही सांगितले. आपले दैनिक आमच्या भागात शाळा-शाळांत वाचले जाते. म्हणून विनंती एवढीच आहे की, या जोडीविषयी आपल्याच क्रीडा पानावर तिची संपूर्ण कारकीर्द सांगणारा लेख यावा आणि त्यात निकालाविषयी जितके स्पष्ट लिहिले जाईल तितकेच दुखापतींविषयीही लिहिले जावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
सेलू, जि. परभणी