थांब्यावर राहिलेला प्रवासीही मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महापालिका क्षेत्रात ई-बस येणार, मार्ग कोणते असणार, अशी चर्चा सांगली-मिरजेत चालू असते. केंद्राने पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केली, देशभरात १० हजार गाड्यांची. आपल्याकडे गाड्या येतील तेव्हा येतील. पण आज इथला माणूस कसा प्रवास करतो, कुठे किती खोळंबतो, हे त्याआधी मोजून ठेवलं पाहिजे. नव्या गाड्या धावू लागल्यावर जुना आकडा कितीही पैसा ओतला तरी मिळत नाही, आणि मग योजनेचा उपयोग झाला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

मी बसवर वाहक होतो, पुढे वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. फेरीचा हिशोब भारमानावर चालतो: आसनं किती, भरली किती. त्यात गाडीत चढलेला माणूस येतो, खाली राहिलेला येत नाही. गेल्या आठवड्यात विश्रामबागच्या थांब्यावर एक बाई उभ्या होत्या. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, सोबत थकलेली सासू, मिरजेला दवाखान्यात निघालेल्या. आलेल्या गाड्या ठासून भरलेल्या, म्हातारीला पायरीवर पाय ठेवायलाही जागा नाही. शेवटी दोघी वडापने, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीने गेल्या. त्यांचं तिकीट फाटलं नाही, म्हणजे कागदोपत्री त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. असा प्रवासी आधी वडापकडे आणि मग हप्त्यावर घेतलेल्या दुचाकीकडे वळतो. भारमान उतरतं, फेरी कमी होते, आणि कागदावर तो निर्णय बरोबरच दिसतो.

चौकात मोजणी होते ती वाहनांची. त्या हिशोबात एक बस म्हणजे साधारण तीन मोटारी. आतली पन्नास माणसं कुठेच दिसत नाहीत. वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची, असं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितलं आहे. कामावर कशाने जाता, किती लांब जाता, हे २०११ च्या जनगणनेत विचारलं होतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही.

मोजणं म्हणजे काय, हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सगळं शहर त्या एका आकड्याकडे डोळे लावून होतं. जागा ठरलेली, पट्टी ठरलेली आणि कुठल्या आकड्याला काय करायचं हेही आधीच ठरलेलं. वाहतुकीलाही अशी पातळी ठरवून द्या. समजा, सकाळी आठ ते दहा या वेळात थांब्यावर माणूस सरासरी वीस मिनिटांपेक्षा जास्त ताटकळला, तर फेरी वाढवायची. हे आधी लिहून जाहीर करा.

निम्मी माहिती तर तयारच आहे. तिकीट कुठून कुठपर्यंतचं, किती वाजता काढलं, कुठल्या सवलतीचं, हे तिकीट यंत्रात नोंदलं जातं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बायकांचा प्रवास वेगळा काढता येतो. कुणाचं नावगाव लागत नाही. पासवाली पोरं मात्र थांब्यावर उभं राहूनच मोजावी लागतील.

ही मोजणी मे महिन्यात उरकू नका. कॉलेजं बंद असताना रस्ते मोकळेच दिसणार. ऊसतोड सुरू झाली, ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर आल्या, की मोजा, आणि पुन्हा भर पावसात मोजा. महापालिकेच्या हद्दीपाशीही थांबू नका. मिरजेच्या दवाखान्यांत जत, कवठेमहांकाळ, अथणीहून पेशंट येतात. जयसिंगपूर, इचलकरंजीकडची ये-जा रोजची आहे. अंकलीच्या पुलापलीकडचा माणूस मोजला नाही, तर इथले मार्ग चुकीचेच आखले जातील.

आयुक्तांना विनंती, की वालचंद महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाशी बोलावं आणि दिवाळीनंतर कॉलेजं उघडताच पहिली मोजणी घ्यावी. पुढे दरवर्षी त्याच थांब्यांवर, त्याच नमुन्यात घ्यावी आणि आकडे मराठीत लोकांसमोर ठेवावेत. कुठल्या थांब्यावर कुठल्या वेळी माणसं मागे राहतात, हे आम्हा जुन्या वाहक-नियंत्रकांना तोंडपाठ आहे. वही घेऊन उभं राहायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
विश्रामबाग, सांगली