मनोरुग्णालयातला राउंड वहीपुरता नको

संपादक महोदय,

मनोरुग्णालयात रुग्ण पळाला, पडला किंवा त्याला मारहाण झाली, की त्या पाळीच्या अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) आणि कक्षसेवकाला कारणे दाखवा नोटीस निघते. त्या पाळीवर देखरेख कशी होती, हे मात्र क्वचितच विचारले जाते. येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५ अशा मंजूर खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचा कारभार राज्य चालवते. एवढ्या मोठ्या सेवेत देखरेख म्हणजे हजेरीपट, औषधसाठा आणि चादरींची मोजणी एवढेच उरता कामा नये.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सर्वसाधारण नर्सिंगची पदविका घेऊन राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली परिचारिकाही ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ ठरते. म्हणजे सर्जरी वॉर्डातून काल बदलून आलेली सिस्टर आज कायद्याने पात्र असते. पण बांधलेल्या रुग्णाजवळ नेमके काय पाहायचे, हे तिला कुणीतरी वॉर्डात उभे राहून दाखवावे लागते. ते काम परिसेविकेचे, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरचे आहे.

याच कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे एकांत कोठडी बंद आहे. इजेचा धोका तात्काळ असेल आणि दुसरा मार्गच उरला नसेल, तरच मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने रुग्णाला बांधता येते; शिक्षा म्हणून नाही आणि माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवायचे असते.

कागदावर हे सगळे ठीक असते, गाडी अडते ती खाटेपाशी. पट्टा आणि मनगट यांमध्ये दोन बोटे गेली पाहिजेत. दर पंधरा मिनिटांनी श्वास, नखांचा रंग, हाताची सूज आणि थंडपणा पाहायचा. दोन-दोन तासांनी एकेक हात, एकेक पाय सोडून हलवून घ्यायचा, पाणी द्यायचे, लघवीचे विचारायचे. रुग्णाला पालथे कधीच ठेवायचे नाही. झोपेच्या इंजेक्शनने श्वास आधीच मंदावलेला असतो. त्यात छाती दाबली गेली की गुदमरायला फार वेळ लागत नाही.

आता या तपासण्यांच्या नोंदींची वही पाहा. २.००, २.१५, २.३०, २.४५, एकच शाई, प्रत्येक ओळीत ‘रुग्ण शांत’. असे पान पाळी संपताना एका बैठकीत लिहिलेले असते, हे अनुभवी नजरेला लगेच कळते. पण त्या सिस्टरला झापून काही साधत नाही. पुढच्या वेळी ती वेळा २.०२, २.१७ अशा लिहील, एवढेच. भरलेल्या वॉर्डात ती एकटीच औषधे वाटत असते, नवीन ॲडमिशन घेत असते, फोनही तीच उचलते. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने त्या तासापुरता एक कक्षसेवक खाटेशेजारी बसवून द्यावा आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. माणूस मिळत नसेल तर तसे लेखी वर कळवावे.

औषधांच्या राउंडलाही महिन्यातून एकदा तरी सोबत उभे राहावे. गोळी जिभेखाली किंवा गालात राहते का, ते तिथेच दिसते. उन्हाळ्यात लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावरच्या रुग्णाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, हातांची थरथर वाढली, बोलणे जड झाले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना कळवायचे. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेल्या रुग्णाला चार दिवस शौचाला झाले नाही, ही गोष्ट किरकोळ समजून पुढच्या पाळीला ओव्हर देताना सांगायची राहून जाते. याने आतडे बंद पडून जीव जाऊ शकतो.

परिचारिकांच्या मनावरचा ताण हा तर देखरेखीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. रुग्णाचा मार खाल्लेली सिस्टर त्याच्या खाटेकडे जायचे टाळते. तो दुर्लक्षाने आणखी चिडतो. मग आवाज चढतो, हात उचलला जातो. महिन्यातून पाऊण तास, पाळीच्या वेळेतच, पाच-सहा जणींनी बसून एकाच रुग्णाविषयी बोलावे. ‘मला त्याची भीती वाटते’ हे तिथे म्हणता आले पाहिजे. म्हणून ही बैठक घेणारी व्यक्ती त्यांचे गोपनीय अहवाल लिहिणारी नसावी. एकदा फाइलची धास्ती बसली की कुणी तोंड उघडत नाही. अशा बैठका परिपत्रके वाचून दाखवण्यात संपतात किंवा स्टाफ कमी म्हणून रद्द होतात, तेही थांबायला हवे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली परिचारिका तर बहुधा एकटीच असते. तिला प्रादेशिक रुग्णालयातल्या अनुभवी सिस्टरशी आठवड्याला ठरलेल्या वेळी फोनवर बोलता यावे.

सार्वजनिक आरोग्य विभागाने सुरुवात रात्रपाळीपासून करावी. मनोरुग्ण परिचर्येची पदविका असलेली एक परिसेविका रोज रात्री नेमावी. ज्या वॉर्डात रुग्ण बांधलेला आहे तिथे ती स्वतः खाटेपर्यंत जाईल, पट्ट्याखाली बोटे घालून पाहील आणि तिथली वेळ स्वतःच्या अक्षरात लिहील, असा लेखी आदेश निघावा.

— एक निवृत्त अधिसेविका (मेट्रन), पुणे