बंड्या, अष्टमी रद्द कर

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय बंड्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, हव्या तेवढ्या शिव्या दे. तब्येत ठीक, गुडघा होता तसाच. पण माईंकडून कळलं की तू इंदूरहून सगळं लटांबर घेऊन ओहोटीत प्रवाळ बघायला कच्छच्या आखातातल्या नराऱ्याला निघालायस आणि दिवस काढलायस अष्टमीचा! मग बसवेना.

अष्टमी का, ते मला न सांगता कळलं. भरतीची वेळ काढायची तुझी ती तिथीची पाऊणपट. आठाचे सहा, सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पोहे-जिलबी चापून निवांत जायचं. अरे, अष्टमीला भांग असते, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी! पाणी उतरतं, पण इतकं थोडं की प्रवाळ उघडं पडणं कठीण. उधाण हवं, ते पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. वद्य द्वितीया धर. गणिताने भरती दीडला, ओहोटी सकाळी साडेसातला. सोयीची वेळ आणि खोल ओहोटी तिथे एकत्र मिळत नाहीत, लवकर उठावंच लागेल.

आणि हे साडेसातही कोकणातलं. कच्छच्या आखातात भरती तोंडाकडून आत सरकते. ओख्याला आधी, वाडिनारला नंतर, कांडल्याला त्याहून उशिरा. म्हणून नराऱ्याजवळच्या वाडिनारचंच भरती-ओहोटीचं कोष्टक बघ. हे मी मागे आपला वाद झाला तेव्हाही सांगत होतो. नान्या तुझ्या बाजूने बोलला, कारण चहाचे पैसे तू देणार होतास.

ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, ओहोटी पूर्ण झाली की वळायचं. घड्याळ बघून वळ, पाणी बघून नव्हे. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग कर: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. शिवाय ते समोरून येईल असं धरू नकोस. मागचे सखल चर आधी भरतात; समोर अजून कोरडं दिसतं आणि परतीची वाट कमरेएवढी होते. मला भीती याचीच आहे, कारण चिनू खेकडा दिसला की हलत नाही आणि तू तिला कधी ओरडत नाहीस.

पायात नाडीचे कॅनव्हासचे बूट. सँडल चिखल ओढून घेतो. पाय वाळूच्या पट्ट्यावर ठेवायचा. शेवाळलेला खडक घसरतो, आणि प्रवाळ तर जिवंत प्राणी, त्यावर पाय नाहीच. दगड उलटलाच तर होता तसा ठेव. बिळाच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला तर आत ऑक्टोपस असू शकतो, थांबून बघ. कोणी फुगा मासा उचलून फुगवून दाखवू लागलं तर टाळ्या वाजवू नका, तो घाबरून फुगतो. आणि प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात नको. १९८२ पासून तो भाग सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. वन खात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या आधीच ठरव, ओळखपत्रं जवळ ठेव.

काकूंना काठावरच बसव, तिवरांपाशी. रुसतील, रुसू दे. पानामागचं मीठ जिभेला लावून बघायला सांग, आणि चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दाखव. झाड त्यांतून श्वास घेतं म्हटलं की तासभर प्रश्न विचारत राहतील.

वहिनींच्या बढतीचं कळलं, अभिनंदन सांग. घराचा रंग झाला का?

तिकीट बदललंस की कळव. नाही बदललंस तरी कळव, मग मी माईंनाच सांगतो.

तुझा,
अण्णा