वेंगुर्ल्याच्या पेटीवाल्या काकांना पत्र

ती. काकांना सा. न.

रविवारी तुम्ही टाळ्यांच्या आधीच निघून गेलात, म्हणून हे चार लोकांत लिहितोय.

गोव्याहून आलेला ट्यूनर गुरुवारी पियानो सुरात लावून गेला आणि शुक्रवारी परतीचा पाऊस कोसळला. रविवारी सकाळी बघतो तर मधल्या सात पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव नाही! कार्यक्रम चारला. डबलबारी भजनवाल्यांच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस पियानोला हात लावेल का, ही शंका माझीच. तुम्हाला ती नव्हती.

मी पॉलिश पेपर पुढे केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "घासू नको. लाकूड आज फुगलला, उन्हाळ्यात बसतला. मगे पट्टी खुळखुळतली." मग एकेक पट्टी उचलून खालच्या खिळ्याभोवतीचं लाल फेल्ट तेवढं चिमट्यानं हलकेच दाबलंत. दोन तास. तारांना मात्र बोट लावलं नाहीत. सव्वादोनशेच्या आसपास तारांचा कित्येक टन ताण, तो ज्याचा त्यानं बघावा, हे तुम्हाला न सांगता कळलं. शेवटी ओल सुकावी म्हणून आत साठचा बल्ब टांगलात, घरी पेट्यांच्या कपाटात लावता तसाच.

वाजवायचं होतं ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टचं १८१९चं 'ट्राऊट' पंचक: व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास आणि पियानो. (पुढच्या रांगेत चर्चा, "ट्राऊट म्हणजे खयचो मासो?" गोड्या पाण्यातला म्हटल्यावर सगळ्यांचा रस संपला.) तीन भाग निभावले. पण हॉल गच्च भरलेला, हवा घामट, आणि चौथ्या भागात शुबर्टच्याच त्या माशावरच्या गाण्याची चाल आधी नुसत्या तारवाद्यांवर येते. पियानो गप्प. तेवढा वेळ मी त्या सात पट्ट्यांकडे बघत बसलो होतो. मग पियानोनं तीच चाल दोन्ही हातांनी उचलली, आणि एकही पट्टी अडकली नाही. मागे वळून पाहिलं तर तुम्ही डोळे मिटून मांडीवर बोटं चालवत होतात.

मजुरी घेतली नाहीत. हे काम शिकलेलो नाही, म्हणालात, आणि पेट्रोलचे दोनशे तेवढे खिशात टाकलेत. मला ते पटलेलं नाही, पण तुमच्याशी वाद कोण घालणार.

बल्ब अजून आतच आहे, रात्रंदिवस चालू. दिवाळीनंतर काढायला तुम्हीच या.