तारेची बस

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी बरी आहे. फोनवर हे बोलायला गेले असते तर मध्येच आवाज भरून आला असता, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमची तारेची बस खरी होती.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी २२ नंबरच्या बसमध्ये बसले. इथं सॅन फ्रान्सिस्कोत नवीन ऑफिसला जायला तीच बस पडते. एका वळणावर गाडी गप्पकन थांबली. ड्रायव्हरबाई खाली उतरल्या, मागच्या बाजूला गेल्या आणि एक दोरी धरून वर बघत उभ्या राहिल्या. छपरावरच्या दोन लांब दांड्यांपैकी एक तारेवरून निसटला होता. दोरीनं तो हळूहळू सरकवत त्यांनी पुन्हा तारेला लावला, येऊन बसल्या आणि गाडी निघाली. धूर नाही, धडधड नाही. बाकीचे लोक मोबाइलमध्ये होते. मी मात्र मागच्या काचेला नाक लावून बसले होते, लहानपणी बसायची तशी.

तुम्ही सांगायचात ते असंच होतं, बाबा. १९६८ साली तुम्ही मुंबईत माझगावला काकांकडं राहायला गेला होतात, आणि डोक्यावर दोन काठ्या लावलेली बस बघितली होतीत. काठी सुटली की माणूस उतरून ती परत तारेला लावायचा. लाइट गेली की ओट्यावर बसून तुम्ही ही गोष्ट सांगायचात आणि आम्ही दोघं पुन्हा पुन्हा ऐकायचो. मग चौथीत मी ती वर्गात सांगितली. सगळे हसले, बाईसुद्धा हसल्या. तार फक्त रेल्वेला असते, बसला नाही, म्हणाल्या. घरी येऊन मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही खोटं सांगता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्यानंतर ती गोष्ट तुम्ही कधीच सांगितली नाहीत, आणि हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं जावी लागली.

त्या रात्री मी सगळं शोधून वाचलं. बेस्टची ती ट्रॉलीबस ११ जून १९६२ ला सुरू झाली, गोवालिया टँक ते माझगाव डॉक. गाड्या फक्त १२ होत्या, आणि १९७१ च्या मार्चमध्ये ती सेवा बंदही झाली. ट्राम तर त्याआधीच, ३१ मार्च १९६४ ला थांबली होती. तुम्ही काकांबरोबर बसलात तेव्हा मुंबईच्या रस्त्यावर तारेवर चालणारी तेवढी एकच गाडी उरली होती.

दादा वाद घालायचा आठवतंय? चित्रातल्या ट्रामला एकच काठी दिसते, मग तुमच्या बसला दोन कशा? तेही तुमचं बरोबर होतं. ट्राम रुळावर चालते, म्हणून वरच्या तारेतून आलेली वीज रुळातून परत जाते. बसला रबराची चाकं, खाली डांबर. वीज परत जायला दुसरी तार लागतेच. दादालाही हे लिहून पाठवलंय.

त्या दिवसापासून आपल्या सोलापूरच्या सिटी बस काही डोक्यातून जात नाहीत. सकाळच्या गाडीत विड्यांच्या टोपल्या घेऊन कारखान्याला निघालेल्या मावश्या असायच्या, सगळ्या गाडीत तंबाखूचा वास. कुणाच्या पायाशी चादरींचा गठ्ठा. मे महिन्यात रेक्झिनच्या सीटवर बसताना आई आधी स्वतःचा पदर पसरायची. आणि तो अशोक चौकात चढणारा कंडक्टर! पुढं सरका, मुंद होग्री, मुंदुकु जरगंडी, एका दमात तिन्ही भाषा. कानडीतही मुंद आणि तेलुगूतही मुंदु, हे मला त्या बसमध्येच कळलं, कुठल्या पुस्तकातून नाही. इथं लोकांना मी सांगते की आमच्या सोलापुरात बसमध्ये उभं राहिलं तरी तीन भाषा कानावर पडतात, तेव्हा त्यांना नवल वाटतं. मला आत कुठंतरी फार बरं वाटतं.

गड्ड्याच्या जत्रेहून परत येतानाची गर्दी तर अजून अंगावर आहे. होम मैदानावरून पाळण्यात बसून, पाय दुखेपर्यंत फिरून आपण निघायचो. बाबा, तुम्ही दारातल्या दांड्याला एका हातानं धरायचात आणि दुसरा हात आमच्यापुढं आडवा लावायचात. गाडी कितीही हलली तरी तो हात तिथून हलायचा नाही. शर्टाला मिलमधल्या तेलाचा वास यायचा. दिवसभर पाळी करून तुम्ही तसेच आम्हाला घेऊन आलेले असायचात, याचा विचार तेव्हा शिवलाही नाही. आई, तू पदराच्या गाठीतून सुट्टे काढून द्यायचीस आणि तिकिटं घडी करून बांगडीत खोचायचीस. दोन घंट्या वाजल्या की गाडी निघायची, आणि आपल्या स्टॉपच्या आधी दोरी मला ओढू द्या म्हणून मी कंडक्टरमामांच्या मागं लागायची. एकदाच त्यांनी ओढू दिली होती.

बाबा, मी तुम्हाला खोटं म्हटलं त्याची माफी मागते. चौथीतलं असलं तरी मागते.

रविवारी सकाळी आठला, म्हणजे माझ्या शनिवारी रात्री, व्हिडिओ कॉल करीन. आई, तूही शेजारी बस, भाकऱ्या नंतर कर. ती गोष्ट मला सगळी हवी आहे. बस कुठल्या रंगाची होती? काकांनी तिकीट किती पैशांचं काढलं? काठी सुटली तेव्हा तुम्ही खाली उतरून बघितलंत का खिडकीतून?

तुमची,
धाकटी