बाबांच्या वजनाची वही समजावून सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर रोज किती माणसे बसतात हे मी दीड महिना पाहिले आहे, त्यामुळे बाबांचा चेहरा तुम्हाला आठवेलच असे नाही. डाव्या गालात कर्करोगाची गाठ, एक बोट जेमतेम शिरेल एवढेच उघडणारे तोंड आणि खिळ्याने पाडलेली तीन नवी भोके असलेला कमरपट्टा, एवढ्या खुणांवरून कदाचित आठवेल.

तुमच्याकडे येईपर्यंत चार महिन्यांत त्यांचे वजन 62 किलोवरून 54 वर आले होते, आणि त्याचा सगळा बोल आम्ही त्यांनाच लावत होतो. तीस वर्षे पानठेल्यावर उभे राहून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, घोटून घेतला आणि आता ताटावर बसून हट्ट करता, असे मी त्यांच्या तोंडावर म्हटले आहे. भेटीला येणारे नातेवाईक संत्री आणत. तो रस गालातल्या जखमेला झोंबला की बाबा पेला बाजूला सारत, आणि तेही आम्ही नखऱ्यांतच मोजले.

तुम्ही मात्र आधी त्यांच्या कानशिलावरचा खळगा पाहिला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिले, रक्ताच्या अहवालातले अल्ब्युमिन हे प्रथिन आणि शरीरातला दाह दाखवणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन यांचे आकडे वाचले आणि मग आमच्याकडे वळलात. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटले तर कर्करोगात त्याला कॅकेक्सिया म्हणतात, आणि बाबांचे जवळजवळ 13 टक्के घटले आहे, हे तुम्ही आमच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवलेत. सुपारीने तोंड आधीच आवळले होते. त्यात गाठ गालातून चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचल्याने जबडा अडकला, म्हणजे गाठीची जागा आणि तिची खोली यांनीच घास अडवला होता. घशाच्या खालच्या भागात गाठ असती, तर तोंड उघडूनही गिळताना हाल झाले असते, असेही तुम्ही सांगितलेत. पण आम्हाला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. उपाशी माणसाचे शरीर आधी चरबी वापरून स्नायू राखू पाहते, तर अशा गाठीमुळे शरीरभर पेटलेला दाह भूकही मारतो आणि स्नायूही झिजवतो; म्हणून नुसते जास्त भरवून गेलेले सगळे परत येत नाही. हे ऐकताना बाबा खाली मान घालून बसले होते आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

नाकातून पोटात अन्न पोहोचवणारी नळी म्हणजे शेवट, ही आईची समजूत काढायला तुम्हाला तीन भेटी लागल्या. दिवसाला सुमारे 1600 कॅलरी आणि 65 ते 80 ग्रॅम प्रथिने हा आकडा तुम्ही घरच्या दूध, अंडी, मूगडाळ आणि तेलात बसवून दिलात, डबाबंद पावडर परवडेल तेवढीच घ्या म्हणालात. दर दोन तासांनी 200 मिली, डोके उंच ठेवून, सावकाश, आणि शेवटी नळी पाण्याने धुवायची, हे आई आता घड्याळाकडे न पाहता करते. किरणोपचाराच्या 30 मात्रा एकही न चुकवता पूर्ण झाल्या, याचे मोठे श्रेय आम्ही या वेळापत्रकाला देतो.

शेवटच्या दिवशी वजन 53 भरले. आठवड्यांमागून आठवडे वही भरूनही एक किलो गेलाच, म्हणून मी खट्टू झालो होतो. त्यावर तुम्ही नुसते ‘छान राखलेत’ म्हणालात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारलीत. दंडावरचे मांस अजून परतलेले नाही, पायऱ्या चढताना त्यांना कठडा धरावा लागतो. मात्र चार दिवसांपूर्वी नळी निघाली आणि परवा त्यांनी गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात, मागितला. आईने तो ताकात कुस्करून, फोडणीत तिखट न घालता दिला. अर्धी वाटी खायला चाळीस मिनिटे लागली, पण या वेळी ताटाशी कोणीही त्यांना बोलले नाही.

सोमवारी तपासणीला येताना वही आणतोच आहे. गोळाभाताची नोंद बाबांनी स्वतः केली आहे. अक्षर थोडे हलले आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

आपला कृतज्ञ,
बाबांची वही सांभाळणारा मुलगा
नागपूर